‘मम्मी, तुम्ही बसा आता’



आज थोडं कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आपल्या खान्देशातल्या कुठल्याही स्थानकात, उपाश्रयात व्याख्यानाच्या वेळी जा. बायकांच्या बाजूला आधी नजरेत भरतात त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पूर्वी भिंतीला टेकून दोन-चार असायच्या, अगदीच ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. आता मागच्या रांगाच्या रांगा खुर्च्यांच्या झाल्या आहेत. त्यांवर कोण बसलंय ते जरा नीट बघा. ऐंशीच्या काकी पुढे आसनावर मांडी घालून बसलेल्या असतात, आणि खुर्चीवर असतात पंचावन्न-साठीच्या त्यांच्या सुना. एकीने घेतली म्हणून दुसरीने घेतली, दुसरीने घेतली म्हणून तिसरीला खाली बसायची लाज वाटली. सामायिक खुर्चीवर, प्रतिक्रमण खुर्चीवर, वंदनाही खुर्चीवरूनच, हात जोडून मान हलवली की झाली.

ज्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ज्यांना मणक्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी ज्यांना खाली बसायला मनाई केली आहे, त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. खुर्ची त्यांच्यासाठीच आहे, आणि त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. मी बोलतेय ते ज्यांना बसता येतं, पण बसायचं नाही त्यांच्याबद्दल. आज बसत नाही म्हणून पाच वर्षांनी खरोखरच बसता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. साठी आली की घरचे म्हणतात, ‘मम्मी, तुम्ही बसा आता. खूप केलंत, आता आराम करा, धर्मध्यान करा.’ आपल्यालाही तो मान वाटतो. सून पाणी हातात आणून देते, पोरगा दारापर्यंत गाडी आणतो, नातू मोबाईल लावून देतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुखी बाई आहे! आणि ह्या सुखापायी आपण हळूहळू परावलंबी होतो. धर्म करायला जे शरीर लागतं आणि जी बुद्धी लागते, तीच धर्माच्या नावाने बसून बसून गंजवतो.

‘बसा’ म्हणणाऱ्या सुनेला मी दोष देत नाही. ती बहुतेक वेळा मायेने म्हणते. कधी कधी त्याचा अर्थ ‘स्वयंपाकघरात लुडबुड नको’ असाही असतो, तो आपण समजून घ्यावा आणि स्वयंपाकघर सोडावं. पण स्वयंपाकघर सोडलं म्हणजे हातपाय सोडायचे असं कुणी सांगितलंय?

उठता येतं का?

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो इथे क्लॉडिओ गिल अराउजो नावाच्या डॉक्टरांनी एक साधी परीक्षा बसवली. जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात टेकला की एक गुण गेला, गुडघा टेकला की आणखी एक. ५१ ते ८० वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांची त्यांनी ही परीक्षा घेतली आणि पुढची सहा-सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना कमी गुण मिळाले होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. मग २०२२ साली त्यांच्याच गटाने दुसरी नोंद छापली. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांपैकी ज्यांना एका पायावर १० सेकंद उभं राहता आलं नाही, त्यांच्यातही पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

उठबस केली म्हणजे आयुष्य वाढतं, असं ह्यातून सिद्ध होत नाही. पण पायात ताकद किती, तोल किती, सांधे किती वळतात, ह्या सगळ्यांचा हिशोब त्या एका उठबशीत कळतो एवढं नक्की.

आता आपल्या वंदनेकडे बघा. उभं राहून हात जोडायचे, आवर्तन करायचं, गुडघे टेकायचे, हात आणि मस्तक जमिनीला लावायचं, पुन्हा उभं राहायचं. एकदा झालं की परत, असं तीन वेळा. समोर पाच साध्वीजी असल्या आणि प्रत्येकींना वेगळी वंदना केली तर पंधरा वेळा. गुडघा टेकायची मुभा आपल्याकडे आहे, त्या ब्राझीलवाल्यांकडे नाही, एवढाच फरक! प्रतिक्रमणात तर बसणं, उठणं, वाकणं, उभ्याने काउसग्ग, सगळं आलं. सामायिकाची ४८ मिनिटं आसनावर ताठ बसायचं, तेही आलं.

हे व्यायाम म्हणून सांगितलेलं नाही, ते कर्मनिर्जरेसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. पण हे सांगणाऱ्यांनी शरीर वगळून धर्म सांगितला नाही, हे तर दिसतं ना? मन, वचन आणि काया असे तीन योग आपण रोज म्हणतो. खुर्चीवरच्या सामायिकात वचन तेवढं उरलं. काया खुर्चीत, आणि मन कुठे आहे ते ज्याचं त्याला माहीत.

वहीत न धरलेला घसारा

मी कॉमर्सची, त्यामुळे डोक्यात हिशोबच येतो. आपल्या घरच्या पुरुषांना विचारा, दुकानातल्या मशीनवर, गाडीवर, फर्निचरवर ते दरवर्षी घसारा धरतात. वस्तू जुनी होणार हे गृहीत धरून तजवीज करतात. आणि घरातल्या बाईच्या गुडघ्यांचा घसारा? तो कुठल्याच वहीत नाही. एक दिवस ती बाथरूममध्ये पडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग एकदम मोठा खर्च निघतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाच्या स्नायूंपैकी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर बायकांची हाडंही झपाट्याने विरळ होतात. पण मशीनमध्ये आणि शरीरात एक फरक आहे. मशीन वापरलं की झिजतं, स्नायू वापरला नाही की झिजतो. आणि झिजलेला स्नायू पुष्कळसा भरून निघतो, कितीही वय असलं तरी. १९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला होता. त्यांची वयं होती ८६ ते ९६. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत जे होतं ते बासष्टीत होणार नाही का?

हे मी कशासाठी एवढं धरून बसलेय? कारण आपल्या नरडाण्यासारख्या गावात घरं रिकामी होत चालली आहेत. मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, धाकटा नाशिकला. घरात दोघंच, कुठे एकटीच. मोठा दवाखाना म्हणजे धुळ्याला नाहीतर शिरपूरला पळायचं. पडलेल्या बाईला उचलायला शेजारी बोलवावे लागतात, आणि त्या शेजाऱ्यांचंही वय आपल्याएवढंच असतं. पुढे महिनाभर शौचाला कोण नेणार, अंघोळ कोण घालणार? चौविहार, नवकारसी, दोन वेळचं प्रतिक्रमण, चाळीस वर्षं पाळलेलं सगळं त्या एका पडण्यात सुटतं. पडलेल्या बाईचं पच्चक्खाण औषधाच्या वेळेवर चालतं.

साध्वीजी चालतात, आपण गाडीने जातो

आग्रा रोड आपल्या गावाजवळूनच जातो. इंदूर-सेंधव्याकडून महाराष्ट्रात येणारे साधू-साध्वी शिरपूरवरून तापी ओलांडून ह्याच रस्त्याने धुळ्याकडे विहार करतात. साठी-सत्तरीच्या साध्वीजी अनवाणी, आपली उपधी खांद्यावर घेऊन, ट्रकांच्या गर्दीतून एका दिवसात दहा-पंधरा किलोमीटर चालून येतात. आणि आपण? त्या गावात आल्या की दर्शनाला गाडीने जातो. सकाळी त्या निघाल्या की शंभर पावलं पोचवायला जातो, फोटो काढतो आणि गाडीत बसून परत येतो. ‘केवढा त्याग!’ म्हणतो. त्याग तर आहेच. पण त्यांचं चालणं बघून आपण अर्धा किलोमीटर तरी चालावं, असं कुणाच्या मनात येत नाही.

१९३४ साली जन्मलेल्या गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींचंच घ्या. मांगीतुंगीच्या डोंगरावर ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली ती त्यांच्या प्रेरणेने. २०१६ साली तिची प्रतिष्ठा झाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडलेली होती. ह्याच माताजींनी अष्टसहस्रीसारख्या अवघड संस्कृत न्यायग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आहे. पंथ कुठलाही असो, साठीला ‘आता बसते’ म्हटलं असतं तर हे झालं असतं का?

यात्रेचंही तेच. पालिताण्याला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, शिखरजीची चढण-परिक्रमा-उतरण मिळून २७ किलोमीटर. तिथे डोलीवाले असतात, आणि ज्यांना खरंच चालवत नाही त्यांना त्यांचा आधार आहे. पण धडधाकट पन्नाशी-साठीची बाई डोलीत बसते आणि दोन किंवा चार गरीब माणसं घामाघूम होऊन तिला वर नेतात, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. मुंगी चिरडू नये म्हणून पुंजणी बाळगणारे आपण. आपल्या आळसाचं सत्तर किलो ओझं माणसाच्या खांद्यावर देताना अहिंसा कुठे जाते? यात्रेचं बुकिंग सहा महिने आधी करतो, तर जिना चढायची सवयही सहा महिने आधी का करू नये?

बारातलं एकच तप

आपल्याकडे तपाचे बारा प्रकार. सहा बाह्य, सहा आभ्यंतर. त्यातलं आपण बॅनरवर छापतो ते एकच, अनशन. अठाई, मासखमण, वर्षीतप करणाऱ्यांना माझं वंदन आहे. त्यांच्या मनोबळाला तोड नाही. पण उरलेल्या अकरांचं काय? दुसरंच तप आहे ऊणोदरी, भुकेपेक्षा थोडं कमी जेवणं. ते रोज करता येतं, त्याचा वरघोडा निघत नाही म्हणून कुणी करत नाही. चौथं रसपरित्याग. ते नाही म्हणून मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत. पाचवं कायक्लेश, शरीराला जरा कष्ट देणं. त्याची तर आठवणही नाही. आभ्यंतरात वैयावृत्त्य, म्हणजे दुसऱ्याची सेवा. ती करायला आधी आपण उभं राहू शकलो पाहिजे.

आणि उपवास संपल्यावर बाई काय खाते, हेही कुणी विचारत नाही. बऱ्याच जणींचं जेवण म्हणजे चहा-खाखरा, दुपारी दोन फुलके आणि पातळ भाजी, संध्याकाळी चौविहाराआधी खिचडी. त्यात स्नायू टिकवणारं काय आहे? आपल्याच आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या बाईला हे ४५ ग्रॅमच्या वर जातं, आणि म्हातारपणी याहून थोडं जास्तच घ्यावं असं बरेच तज्ज्ञ सांगतात. एका वाटी घट्ट वरणात साधारण ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधात जवळपास तेवढीच. हिशोब तुम्हीच करा. (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

हे शोधायला बाहेर जायची गरज नाही. अष्टमी-चौदसला हिरवी भाजी नसते तेव्हा आपण मूग, मठ, गट्टे, मुगोड्या करतोच की. तीच डाळ-कडधान्यं रोजच्या ताटात जरा जास्त वाढा. खान्देशात कळण्याची भाकरी आहे, ज्वारी-उडदाची. फुणके आहेत, तुरीच्या डाळीचे. द्विदल सांभाळून सगळं बसतं. आयंबिलातही डाळी असतातच. आपला जुना स्वयंपाक सुज्ञ होता, तो फरसाणाच्या पुड्यांनी बिघडवला.

दुसरी गोष्ट, बी-१२. हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नसतं. आपल्याला ते मिळालं तर दूध-दह्यातूनच. वय वाढलं की ते अंगी लागणंही कमी होतं, आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने, वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आणखी कमी होतं. मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि आपण म्हणतो ‘वय झालं’. वय झालं की बी-१२ कमी झालं, हे साध्या रक्ततपासणीत कळतं. गोळी घ्यावी लागली तर शाकाहारी आहे ना हे विचारून घ्या. बऱ्याच कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं असतं. आणि ड जीवनसत्त्व? आपल्या खान्देशाला सूर्याने काय कमी दिलंय का? पण आपण सकाळी घरात, दुपारी घरात, बाहेर पडलो तर डोक्यापासून बोटापर्यंत झाकलेल्या. सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर फुकट पडलेलं असतं.

‘शरीर तर पुद्गल आहे’

हे लिहिलं की पहिला आक्षेप ठरलेला: शरीर नश्वर आहे, पुद्गल आहे, त्याचे एवढे लाड कशाला?

लाड कोण करतंय? लाड म्हणजे खुर्ची, गाडी, एसी आणि दुपारची दोन तास झोप. मी तर कष्ट द्यायला सांगतेय. दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात म्हातारपण आणि रोग येण्याआधी, इंद्रियं शाबूत आहेत तोवर धर्म आचरावा असा उपदेश आहे. तो उपदेश करणाऱ्यांना शरीराची किंमत ठाऊक होती. इंद्रियं जितकी वर्षं शाबूत, तितकी वर्षं धर्माची. ती वर्षं वाढवणं ही आसक्ती कशी?

दुसरा आक्षेप: घरकामातच आमचा व्यायाम होतो. होत होता. आपल्या सासूबाईंच्या काळी जातं होतं, आडाचं पाणी होतं, चूल जमिनीवर होती, दिवसात शंभरदा उठबस व्हायची. तो काळ चांगला होता असं मी म्हणत नाही. त्या बायकांची शरीरं बाळंतपणांनी आणि शेवटी उरलेलं खाण्याने पिचली. पण आता ओटा कमरेएवढा, मिक्सर, वॉशिंग मशीन, भांड्याला बाई. ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय दुखतात, बळकट होत नाहीत. दमणं आणि व्यायाम होणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५च्या पुढच्यांसाठी सांगितलंय, आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं वगैरे, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम. पोळ्या लाटण्यात तोलाचा व्यायाम कुठला?

तिसरा: गुडघे दुखतात, म्हणून चालत नाही. गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिल्या उपचारांपैकी एक आहे, हे कुठल्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारा. चालत नाही म्हणून मांडी ढिली पडते, आणि मांडी ढिली पडते म्हणून गुडघ्यावर भार येतो.

आणि चौथा, जो कुणी उघड बोलत नाही: लोक काय म्हणतील? साडीवर बूट घालून एमआयडीसीच्या रस्त्याला फिरताना कुणा व्याह्यांनी बघितलं तर? बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांना गरजेने पळवलं. आपल्याला पळायचं नाही, नुसतं चालायचंय, तर आपल्याला व्याह्यांची भीती!

चालताना ईर्यासमिती पाळा. पुढची चार हात जमीन बघत, न बोलता, फोन न बघता. जीवही वाचतील आणि आपण ठेचकाळणारही नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन चटकतं, तेव्हा नवकारसीच्या आधीच फेऱ्या उरका. चौविहार असेल तर दिवसभरात पाणी ठरवून प्या. तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणाल तर म्हातारपणी तहान लवकर कळतही नाही.

डोकंही बसलंय

शरीराचं झालं, आता मनाचं. २०२३ साली एका मोठ्या अभ्यासात अंदाज निघाला की भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. २०२४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने सांगितलं की १४ कारणं आटोक्यात ठेवली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतो. त्या यादीत मधुमेह, रक्तदाब, हालचाल नसणं, एकटेपणा आहेत, तसंच ऐकू कमी येणंही आहे. व्याख्यानाला पुढे बसून काही न ऐकता मान हलवणाऱ्या किती जणी आहेत! चष्मा चालतो, कानाचं मशीन मात्र अब्रूवर येतं. ऐकू येत नाही म्हणून बोलणं कमी, बोलणं कमी म्हणून बोलावणं कमी, आणि मग बाई कोपऱ्यात.

आपल्याकडे मनाच्या व्यायामाला फार सुंदर नाव आहे, स्वाध्याय. त्याचे पाच प्रकार: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचा, विचारा, घोका, विचार करा, दुसऱ्याला सांगा. आपण ह्यातलं घोकणं तेवढं ठेवलं, तेही माळेबरोबर ओठांचं. व्याख्यानात शेवटचा प्रश्न बाईने कधी विचारला होता ते आठवून बघा. २०११च्या जनगणनेत साक्षरतेत सगळ्या धर्मीयांत पहिला आलेला आपला समाज. आणि साठीची बाई काय वाचते? व्हॉट्सॲपवर आलेला सुविचार, तोही न वाचता पुढे पाठवते.

पाथर्डीच्या श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा आपल्यापैकी कितीजणींनी लहानपणी दिल्या आहेत! सर्टिफिकेट माहेरी ट्रंकेत पडलंय. साठीला परत बसायला काय हरकत आहे? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. त्या पहिल्यांदा लिहायला शिकत होत्या. आपण लिहिता-वाचता येऊन सोडून दिलंय.

आणि एक अगदी व्यवहाराचं. शब्दकोडं सोडवा, चांगलंच आहे. पण त्याआधी स्वतःचं पासबुक उघडा. ठेव कुठल्या बँकेत, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, लॉकरची किल्ली कुठे, विमा आहे का, हे किती जणींना माहीत आहे? ‘हे बघतात’ म्हणून आपण तीस-चाळीस वर्षं बघितलं नाही. ‘हे’ गेले की मुलं बघतात, आणि आपण सांगतील तिथे सही करतो. ज्या बाईने घरखर्चातून पैसे साठवून मुलीचे दागिने केले तिला व्याजाचा हिशोब जमणार नाही? महिन्यातून एक दिवस ठरवा, आपली वही आपण लिहा. डोकंही चालेल आणि उद्या कुणी फसवणारही नाही.

मग करायचं काय?

नुसतं रागावून उपयोग नाही. चातुर्मास येतोय, तेव्हा प्रत्येक महिला मंडळाने एवढं करून बघावं.

खुर्च्या हॉलमध्ये मांडून ठेवू नका, बाजूला रचून ठेवा. ज्यांना लागेल त्यांना मागितल्यावर आदराने आणून द्या. मागावी लागली की गरज नसणाऱ्या आपोआप खाली बसतील.

सामायिक घेण्याआधी दहा मिनिटं सगळ्या जणी मिळून उठबस करा, सुरुवातीला भिंतीचा किंवा जोडीदारणीचा आधार घेऊन. भिंतीजवळ उभं राहून एकेका पायावर दहा आकडे मोजा. तुमचा तोल जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पण विचारा, सोडून देऊ नका.

पर्युषणात तपस्विनींचा सत्कार जरूर करा. त्याच व्यासपीठावर ज्या काकीने सत्तरीत नवं स्तोत्र पाठ केलं, ज्या भाभीने रोज स्थानकाला चालत यायचा नियम पाळला, जिने परीक्षा दिली, तिलाही एक श्रीफळ द्या. ज्याचा सत्कार होतो तेच समाज करू लागतो.

पारण्यानंतर मंडळातर्फे तपासणी ठेवा: साखर, रक्तदाब, बी-१२, ड, डोळे आणि कान. लेडीज किटी-पार्टीच्या एका महिन्याच्या खर्चात हे बसतं.

आणि घरी कुणी ‘मम्मी, तुम्ही बसा आता’ म्हणालं तर प्रेमाने सांगा, ‘बसते गं, पण खाली बसते. आणि उठतेही माझी मीच.’

जय जिनेंद्र!